डेपो नंबर दोनची पायरी

साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, एवढीच त्या सकाळी माझी जमेची बाजू.

आम्ही दोघं रे रोडच्या यार्डात एका जुन्या मालडेपोच्या भिंतीसमोर उभे होतो. एक मी, तळपदे, रेल्वेच्या इंजिनिअरिंग ऑफिसातला टेम्पररी ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा. दुसरे आमचे असिस्टंट इंजिनिअर राघवनसाहेब, मूळचे कुंभकोणमचे. समोरच्या दगडी भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत, चकचकीत डांबरानं लिहिलं होतं: ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’.

“तळपदे, काय लिहिलंय?”

“सर, मस्ट हॅपन, असं लिहिलंय.”

“व्हॉट मस्ट हॅपन?”

“महाराष्ट्र, सर.”

“कधी?”

“तारीख नाही घातली, सर.”

साहेब भिंतीच्या जवळ गेले, मग दहा पावलं मागे आले. “लेटरिंग व्हेरी गुड,” ते म्हणाले. “सगळी अक्षरं एका उंचीची. दोन्ही बाजूंना सारखी जागा. खाली डबल लाइन. हे पॉलिटिकल माणसाचं काम नाही. पॉलिटिकल माणूस सेंटर लाइन काढत नाही.”

मी “यस सर” म्हटलं. दुसरं काय म्हणणार, कपाळ? ते मीच लिहिलं होतं.

(साहेब बोलत इंग्रजीत. मी इथे मराठीत लिहितोय. मधला मसाला त्यांचाच आहे.)

झालं असं होतं. आदल्या आठवड्यात मुंबईत कडकडीत हरताळ होता. ते दिवसच तसे होते. गिरगावात आमच्या नाक्यावर लाठ्या चालल्या होत्या, गोळीबारात माणसं पडली होती. ठाकूरद्वारला दूध आणायला जाणारा माणूसही घोषणा देऊन परत येई. अशा दिवशी मी कामावर आलो होतो. का? तर मी टेम्पररी होतो. कन्फर्म व्हायला तीन महिने बाकी होते, आणि त्या दिवशी गैरहजर राहील त्याचं नाव वर जाणार असं कानावर आलं होतं. आमचं ऑफिस परळला, पण त्या दिवशी मापं घ्यायचं काम रे रोडच्या यार्डात होतं. गिरगावातून तिथवर चालत आलो, तेही गल्लीतल्या कुणी पाहू नये म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. आजही ते आठवलं की वाटते.

दुपारी यार्डात चिटपाखरू नव्हतं. बाहेरच्या रस्त्यावरून मोर्चा चालला होता, त्याचा आवाज कुंपणावरून आत येत होता. डेपोच्या दाराशी डांबराचा डबा आणि कुंचा पडलेला. पावसाआधी लाकडी दारांना तळाशी डांबर फासतात, त्यातलं उरलेलं. मी डबा उचलला.

आता दुसरा कुणी असता तर पाच मिनिटांत लिहून पळाला असता. मी आधी भिंत मापली. मध्य काढला. सुतळीला खडू चोळून वरखाली दोन गाइड लाइन मारल्या, म्हणजे अक्षरं ओळीत बसतात. मग अक्षरं मोजून जागा वाटून घेतल्या. मग लिहिलं. दीड तास लागला. मोर्चा तोवर लालबागला पोचला असेल. आणि शेवटी, हात शिवशिवत होता म्हणून, खाली एक जाड आणि तिच्याखाली एक बारीक अशी डबल रेघ ओढली. आमच्या सेक्शनमध्ये प्रत्येक शीटच्या, म्हणजे नकाशाच्या, टायटलखाली अशीच रेघ असायची. हेड ड्राफ्ट्समन परेरासाहेबांची ती शिस्त होती. थोडक्यात, मी सरकारविरोधी घोषणा लिहिली आणि खाली ऑफिसचा शिक्का मारून आलो. असा गाढवपणा फक्त ड्राफ्ट्समन करू जाणे.

पंधरा दिवसांवर मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शन म्हणजे रेल्वेतली दिवाळी. जे जे हलत नाही त्याला चुना लावायचा. राघवनसाहेबांनी भिंतीला चुना मारायला लावला. दुसऱ्या दिवशी चुन्यातून तपकिरी अक्षरं वर आली. डांबर चुन्याला जुमानत नाही. तेलकट असतं, पाझरून वर येतं. दुसरा हात दिला. अक्षरं पुन्हा हजर. तिसऱ्या हातानंतर तर पांढऱ्या भिंतीवर ती जास्तच खुलून दिसायला लागली. मग छिन्नीनं खरवडून पाहिलं. डांबर दगडाच्या अंगात मुरलेलं. गवंडी म्हणाला, अक्षरं जातील, पण भिंतीला तेवढेच खड्डे पडतील, मग तेच खड्डे वाचता येतील.

साहेब संतापले. “ही इमारत तशीही ओल्ड आहे. कंडेम करा.”

कंडेम म्हणजे इमारत निकामी झाली असा कागद करायचा. इंजिनिअरनं सही केली की पाडायला मोकळे. पण कागदाबरोबर नकाशा लागतो. नकाशात रंगांची भाषा ठरलेली असते. आहे ते काळं, नवं बांधायचं ते लाल, पाडायचं ते पिवळं. नकाशा काढायचं काम कुणाकडे आलं असेल? माझ्याकडे. मीच लिहायचं, मीच पिवळं करायचं.

हा डेपो म्हणजे काही राजवाडा नव्हता. लाकडाच्या वखारींमागे लपलेली एक बसकी दगडी इमारत, पुढे मालाचा प्लॅटफॉर्म, वर कौलं. कागदोपत्री नाव ‘गुड्स डेपो नंबर दोन’. नंबर एक कुठे होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबई इथवर पोचायच्या आधी हे गावाबाहेरचं खेडं होतं, आणि त्या खेड्याचा माल उतरायला हा डेपो बांधलेला. पुढे खेडं शहराच्या पोटात गेलं आणि डेपो तेवढा राहिला.

तिथले गुड्स क्लार्क होते परबकाका. मालवणचे, राहायला लालबागच्या चाळीत. आलेल्या मालाच्या नोंदी करणं आणि गेलेल्या मालाबद्दल शिव्या खाणं हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षं एकाच टेबलावर. मी मापं घ्यायला गेलो तेव्हा ते प्लॅटफॉर्मवर उकिडवे बसून बिडी ओढत होते.

“माप घेवक इलंस? घे. तिरडीचा पण घे,” ते म्हणाले.

मी टेप उलगडला. काका माझ्यामागून फिरायला लागले. प्रत्येक वस्तूवर त्यांचा हात. ह्ये लोखंडी खांब बग, बोटीतसून इलेले, खाली विलायतेतल्या भट्टीचा नाव आसा. ह्यो वासो बग, ब्रह्मदेशचो साग, एक वाळवी माज्या देखत दात पाडून घेवन गेली. प्लॅटफॉर्मची कड मधे खोलगट झाली होती. हमालांनी पोत्यांच्या गाड्या तिथूनच उतरवल्या, पिढ्यान् पिढ्या. दाराच्या चौकटीला आत बोटबोटभर खाचा होत्या. लढाईत गोऱ्या सोल्जरांचं सामान इथून जायचं, तेव्हाच्या हमालांनी पाळ्या मोजायला केलेल्या. काकांना प्रत्येक खाचेची गजाल, म्हणजे गोष्ट, माहीत.

“काका, डेपो गेल्यावर तुम्ही कुठे?” मी विचारलं.

“भुसावळाक.” त्यांनी बिडी विझवली. “ऑर्डर येतली म्हणतत. हंयची पोस्ट गेली, थंय जागा आसा. माजी तीन वरसां ऱ्हवली रे. थंय मासे खंय मिळतले?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“माशांचा सोड. बायलेक क्षय आसा. दर आठवड्याक परळच्या हॉस्पिटलात सुई घेवक जाता. आत्ता खंय जरा अंग धरूक लागली. तिका हंय कोणाकडे ठेवू? थंय खंय न्हेव?”

माझ्या हातातला टेप सटकन आत गेला. मी तिथेच बसलो. भिंतीवर मर्दुमकी मी गाजवली होती आणि भुसावळला जाणार होते परबकाका. मी म्हटलं, “काका, ते लिहिलेलं मी. मीच. उद्या जाऊन साहेबांना सांगतो.”

“माका ठावक आसा,” काका म्हणाले. “मी आत जागोच होतंय. खिडकेतसून बगी होतंय. मेल्या, केवढो येळ लावलंस! माका वाटला मोर्चो सपतलो, राज्य पण होतला, तरी तुजा लिवन होवचा नाय.”

“मग थांबवलं का नाही?”

“कित्याक थांबवू? डांबराचो डबो भायर कोणी ठेवलेलो?”

आवशीचो घो! म्हणजे कटात आम्ही दोघं होतो, फक्त मला ते माहीत नव्हतं.

“आणि सांगूक बिंगूक जाव नको,” ते म्हणाले. “तुजी नोकरी जायत आणि डेपो पण जायत. दोनय गेल्यावर काय करतलंस? मापां घे तू.”

शेवटचं माप पायरीचं राहिलं होतं. दारासमोरची ती एकच पायरी, काळ्या दगडाची, भिंतीच्या पायात घट्ट बसवलेली. तिच्या पुढच्या अंगावर कुंकवाचा जाड थर होता. त्यावर एक वाळलेलं झेंडूचं फूल चिकटलेलं.

“काका, हे काय?”

“साहेबाचो देव.”

“कुठल्या साहेबाचा?”

“बांदलेल्या साहेबाचो. माज्या आदीच्या क्लार्कान चार्ज देताना सांगलेला. साहेबान हंय देव बसवलेलो आसा, दसऱ्याक हळदकुंकू लावचा, फूल व्हावचा. मी एक दसरो चुकवलंय नाय. वजनकाट्याची पूजा आणि देवाची पूजा.”

मी रुमाल ओला केला. (आमचे रुमाल म्हणजे नकाशाचं ट्रेसिंग क्लॉथ. ते धुतलं की मऊ मलमल निघायची. अख्ख्या ऑफिसच्या घरी तेच रुमाल.) कुंकू पुसलं. खाली छिन्नीनं कोरलेली एक आडवी रेघ होती, आणि तिला खालून टेकलेलं बाणाचं टोक.

मी ओरडलोच, “काका, हा देव नाही! हा बेंच मार्क आहे!”

“देवाक काय्येक म्हण,” काका म्हणाले, “पण फूल परत चिकटव.”

बेंच मार्क म्हणजे काय ते सांगतो. यार्डात रूळ, गटार, नाला, भिंत, प्रत्येकाची उंची ठरवून बांधावी लागते, नाहीतर पावसाचं पाणी गटारातून बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. पण उंची मोजायची कशापासून? त्यासाठी एक न हलणारा दगड धरतात. त्यावर अशी खूण कोरतात आणि पुढची सगळी मापं तिथून घेतात. लग्नघरात प्रत्येक गोष्ट आत्याबाईंना विचारून होते ना, तसं. यार्डातलं प्रत्येक गटार कधी ना कधी या दगडाला विचारून उतरलेलं असतं.

मी तसाच परळच्या ऑफिसात आलो आणि रेकॉर्ड रूममध्ये शिरलो. यार्डाच्या शीट्स काढायला लागलो. एकेका शीटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तेच: सगळ्या लेव्हल डेपो नंबर दोनच्या पायरीपासून. नाल्याची शीट, तेच. नव्या सायडिंगची, म्हणजे बाजूच्या रुळांची शीट, तेच. वखारीकडच्या भिंतीची शीट, तेच. रेकॉर्डवाला वैतागला, म्हणाला, “काय हरवलंय काय तुमचं?” मी म्हटलं, “सापडलंय.” धुळीनं शिंकत शिंकत मी हसत होतो.

पण सापडलं म्हणून साहेबांना जाऊन सांगायचं कसं? टेम्पररी माणसानं साहेबाच्या निर्णयाला हरकत घेतली की पहिला प्रश्न येतो, तुला काय एवढा पुळका? आणि त्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर लिहिलेलं होतं. मग मी ठरवलं, हरकत घ्यायचीच नाही. सांगितलंय ते काम नीट, पूर्ण, नियमाप्रमाणे करायचं.

मी शीट काढली. डेपो पिवळा केला. खांब, वासे, काकांचं टेबल होतं तो कोपरा, सगळ्यावर पिवळा रंग फिरवला. फार वाईट वाटलं. मग उजव्या कोपऱ्यात, जिथे नोट्स लिहितात, तिथे आधी तीन नेहमीच्या नोट्स लिहिल्या. चौथी अशी: ‘पायरीवरचा बेंच मार्क नष्ट होईल. नवा बेंच मार्क असिस्टंट इंजिनिअरने जातीने प्रस्थापित करावा. यार्डातील सर्व लेव्हल फेरमोजणी करून सर्व शीट्सवर त्यांच्या सहीने दुरुस्ती करावी.’ यात एक शब्दही माझ्या पदरचा नव्हता. नियमच तसा होता. फक्त तो वाचायची कुणावर वेळ आली नव्हती.

शीट चेकिंगला परेरासाहेबांकडे गेली. परेरासाहेब खोताच्या वाडीतले, म्हणजे आमच्या शेजारचेच. रविवारी चर्चला जाताना आईला हात करायचे, ऑफिसात मात्र ओळख दाखवायचे नाहीत. त्यांनी चौथी नोट वाचली. पुन्हा वाचली. मग वरच्या टायटलखालच्या डबल रेघेवर पेन्सिल टेकवली आणि बराच वेळ तिथेच ठेवली.

“तळपदे, काल मी यार्डात गेलेलो.”

“हो सर.”

“भिंत बघितली.”

मी शीटवरच्या त्या रेघेकडे बघितलं.

“उद्या सकाळी राघवनसाहेब इथे ड्रॉइंग हॉलमध्ये येणार. भिंतीचा फोटो घेऊन. सगळ्यांच्या शीट्स बघणार म्हणतात.” ते उठले. हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “ऐका रे सगळे! आजपासून टायटलखाली सिंगल लाइन. बोर्डावर, रॅकमध्ये ज्या ज्या शीट्स आहेत, त्यांच्यावरची बारीक रेघ खरवडून टाका. संध्याकाळच्या आत.”

“का पण, साहेब?” कुणीतरी विचारलं.

“शाई वाचते, मॅन.”

हॉलमध्ये माझ्याखेरीज चौघं होते. चौघांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग ब्लेडं बाहेर निघाली. ट्रेसिंग क्लॉथवरची शाई खोडरबरानं जात नाही, दाढीच्या ब्लेडनं अलगद खरवडावी लागते, मग नखानं घासून कापड गुळगुळीत करायचं. अख्खी दुपार हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता, नुसती खरखर. त्यातला एक कारवारचा होता, एक सुरतेचा. कुणी एक शब्द विचारला नाही. माझे डोळे भरून आले आणि त्या भरात मी एका रेघेबरोबर नाल्याचं अर्धं नावही खरवडलं.

सकाळी राघवनसाहेब आले. हातात फोटो. एकेका बोर्डासमोर थांबत गेले. सगळीकडे सिंगल लाइन.

“मिस्टर परेरा, तुमच्या सेक्शनमध्ये डबल लाइन नसते?”

“नो सर. डबल लाइन साइनबोर्डवाले काढतात. लालबागमध्ये ढिगानं आहेत.”

साहेबांनी एका शीटवर टायटलखाली बोट टेकवलं आणि हळूच फिरवलं. खरवडलेलं कापड कितीही घासा, बोटाला लागतंच. हे कुठल्याही इंजिनिअरला कळतं. साहेबांनी बोटाकडे पाहिलं, मग परेरासाहेबांकडे. फोटो खिशात घातला.

“कंडेमची शीट कुठाय?”

मी पुढे केली. त्यांनी ‘अप्रूव्ह्ड’च्या रकान्यात सही करायला पेन उघडलं आणि चौथ्या नोटेवर थांबले.

“व्हॉट इज धिस?”

“सर, पायरीवर बेंच मार्क आहे.”

“कुठल्या शीट्स यावर आहेत?”

“सगळ्या, सर.”

“सगळ्या म्हणजे?”

“यार्डाच्या जेवढ्या आहेत तेवढ्या, सर. दोन रॅक.”

साहेबांनी पेन मिटलं. “मग पायरी ठेवा. बाकीचं पाडा.”

हे मात्र मला सुचलं नव्हतं. परबकाका भुसावळच्या गाडीत बसलेले मला दिसायला लागले.

परेरासाहेब चष्मा पुसत होते. ते शांतपणे म्हणाले, “ठेवू या ना, सर. पायरी भिंतीच्या पायात बांधलेली आहे. पाडताना अर्धा इंच हलणार. नाही हलली तर नंतर वखारीची ट्रक मागे घेताना हलवणार. मग पावसात पाणी उलटं फिरणार. मग एन्क्वायरी. एन्क्वायरीत पहिला प्रश्न, बेंच मार्कजवळची इमारत पाडायला सही कुणी केली?”

साहेबांनी चौथी नोट पुन्हा वाचली.

साहेबांनी शीट माझ्याकडे परत सरकवली. “पिवळा काढा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “सर, पिवळा रंग निघत नाही. नवी शीट काढावी लागेल.”

“मग काढा! आणि त्या भिंतीवर काहीतरी लावा. बोर्ड लावा. मोठा बोर्ड. आत्ताच्या आत्ता.”

बोर्ड मीच रंगवला. सागाच्या फळ्या, पांढरी पाटी, काळी अक्षरं: ‘गुड्स डेपो नंबर दोन’. माल मोजायच्या जागेपेक्षा बोर्ड मोठा झाला. खाली सिंगल लाइन. इन्स्पेक्शनला मोठे साहेब आले, बोर्ड पाहून खूश झाले. म्हणाले, फाइन ओल्ड बिल्डिंग. राघवनसाहेब म्हणाले, “वी आर प्रिझर्व्हिंग इट, सर.” मागे परबकाका उभे होते. त्यांनी मालवणीत काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

ऑर्डर आली नाही. काका तिथेच राहिले, काकूंचं औषध पुरं झालं, आणि पुढच्या वर्षी त्या गौरीगणपतीला चाळीचे तीन जिने स्वतः चढल्या. मी कन्फर्म झालो. माझ्या कॉन्फिडेन्शियल रिपोर्टमध्ये राघवनसाहेबांनी एकच ओळ लिहिली होती असं पुढे कळलं: ‘लेटरिंग एक्सलंट. शुड बी वॉच्ड.’

मग साठ सालचा एक मे आला. मुंबईसह महाराष्ट्र झाला. परबकाका रिटायर झालेले, पण सकाळी सकाळी त्यांनी मला आणि परेरासाहेबांना यार्डात बोलावलं. हातात पाना, खिशात पेढे. राघवनसाहेबांची तोवर मद्रासकडे बदली झाली होती, म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. काकांनी बोर्डाचे नट सैल केले, आम्ही तिघांनी तो खाली उतरवला. मागे चुन्याचे पोपडे गळून पडलेले आणि अक्षरं जशीच्या तशी. ऊन नाही, पाऊस नाही, आत्ता लिहिल्यासारखी काळी कुळकुळीत.

काका बघत राहिले. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, “झाला रे मेल्या. झाला.”

परेरासाहेब दहा पावलं मागे गेले. एक डोळा मिटून त्यांनी ओळ तपासली, जशी शीट तपासत. “शेवटच्या शब्दाच्या आधी जागा जरा जास्त पडलीय,” ते म्हणाले. “पण चालेल.” खिशातून खडू काढला आणि भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, रेघेखाली, तीन रकाने आखले. पहिल्यात लिहिलं, ‘ड्रॉन’, आणि खडू माझ्या हातात दिला. मी सही केली. दुसऱ्यात लिहिलं, ‘चेक्ड’. तिथे त्यांनी स्वतः सही केली. तिसरा ‘अप्रूव्ह्ड’चा. काकांनी विचारलं, “हंय कोण?” परेरासाहेब म्हणाले, “तो रकाना सरकारी असतो, परब. वेळ लागतो.” मग आम्ही पायरीवर बसून पेढे खाल्ले, काकांनी एक देवापुढे ठेवला, आणि बोर्ड परत चढवून टाकला. नोकरी ती नोकरी.

मी रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी एक मुलगी घरी आली. जुन्या इमारती जपणाऱ्या मंडळींपैकी. डेपो अजून उभा होता, आणि त्याचं जतन करायचं घाटत होतं. तिनं जाड रिपोर्ट केला होता. विलायती खांब, ब्रह्मदेशी साग, दाराच्या खाचा, सगळं होतं. बोर्डामागची घोषणाही त्यांना सापडली होती. खडू कधीच उडून गेला होता.

“कुणी लिहिलं असेल हो?” तिनं विचारलं.

“असेल कुणी साइनबोर्डवाला. लालबागमध्ये ढिगानं होते.”

“आणि आजोबा, आजूबाजूचं सगळं गेलं, ही एवढीच कशी राहिली? त्या काळच्या अधिकाऱ्यांना वारशाची जाण होती का?”

“होती तर,” मी म्हटलं. “सहीची फार जाण होती.”

तिनं ते कागदावर घेतलं नाही. रिपोर्टमध्ये पुढे ‘तत्कालीन अधिकाऱ्यांची दूरदृष्टी’ असं छापून आलं. छापू दे. पण तुम्हाला म्हणून सांगतो, कधी जुनी इमारत वाचवायची वेळ आली तर तिचा इतिहास सांगत बसू नका. ती पाडल्यावर सही कुणाला करावी लागेल, तेवढं बारीक अक्षरांत कोपऱ्यात लिहा. आणि भिंतीवर काही लिहायचंच असेल, तर खाली रेघ ओढू नका.